कमलाबाईचा नाका

चिचटोल्याच्या वेशीवर एक नाका आहे. तो वनखात्याचा नाही, पोलिसांचा नाही आणि महसूलवाल्यांचा तर नाहीच. ते लोक त्या रस्त्याला वेळेवर फिरकले असते तर ही गोष्ट सांगायची पाळी माझ्यावर आली नसती. वैनगंगेच्या रेतीघाटाकडून येणारा रस्ता जिथे गावात शिरतो तिथे एक आडवा बांबू, त्याच्या बुडाला तारेने आवळलेला दगड, आणि बाजूला मोहाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर कमलाबाई. रेतीचा टिप्पर आला की ती उठते, ड्रायव्हरला खाली उतरवते आणि तोंड उघड म्हणते. भला दांडगा माणूस लहान पोरासारखा आ करतो. कमलाबाई हुंगते. दारूचा वास आला की चावी तिच्या पदराच्या गाठीत जाते आणि ड्रायव्हर मोहाखाली बसतो. वास जाईपर्यंत त्याला उठायची मुभा नाही. भूक लागली तर ती त्याला पेज देते, पण चावी देत नाही.

मी एसटीत कंडक्टर. आमची सकाळची गाडी पुलावरून गडचिरोलीला जाते ती याच वेशीतून. पहिल्या दिवशी तिने आमच्या ड्रायव्हरलाही खाली उतरवलं. तो भडकला, मी सरकारी माणूस आहे म्हणाला. कमलाबाई म्हणाली, मग सरकारी तोंड उघडा. गाडीतल्या बाया अशा हसल्या की बिचाऱ्याला उघडावंच लागलं. त्याला वाटलं, मी त्याची बाजू घेईन. मी घेतली नाही. मी तेव्हाही तिच्या बाजूचा होतो, आजही आहे आणि हे सगळं तिच्याच बाजूने लिहिणार आहे. दोन्ही बाजू ऐकायच्या असतील त्याने कोर्टात जावं. तिथे त्या ऐकतात म्हणे.

कमलाबाईचा नवरा खुशाल वनखात्याच्या नाक्यावर रोजंदारीवर होता. उभा जन्म बांबू वर करण्यात आणि खाली करण्यात गेला. दोघांची एकच पोर, नूतन. माझ्या गाडीने तालुक्याला कॉलेजात जायची. पास दाखव म्हटलं की म्हणायची, कंडक्टर भाऊ, रोज तेच तोंड पाहता, आणखी काय दाखवू? सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात नोकरी करायची असं तिने ठरवून टाकलं होतं. नवं वाण काढीन आणि त्याला आईचं नाव देईन म्हणायची. कमलाबाई म्हणायची, माझं नाव घेऊन लोक धान मळणार, शोभते का ते? दोघी मायलेकी अशाच बोलायच्या, एकीने टोला द्यायचा आणि दुसरीने परतवायचा.

लॉकडाऊनच्या आधीचा हिवाळा होता. धान निघालं होतं आणि त्याच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोळीचं कडधान्य हिरवंगार उभं होतं. रविवार असल्यामुळे नूतन सायकलने आईची भाकर घेऊन शेताकडे निघाली होती. कमलाबाई रस्त्यालगतच्या बांधावर लाखोळीची भाजी खुडत होती. घाटाकडून टिप्पर आला. पुढचं मी लिहीत नाही; लिहून कोणाचं भलं होणार नाही. एवढंच सांगतो की टिप्पर थांबला, चालवणारा खाली उतरला, त्याने रस्त्यावरच्या पोरीकडे पाहिलं, मग बांधावरच्या आईकडे पाहिलं, परत चढला आणि निघून गेला. त्याचे डोळे लाल होते आणि पाय धड पडत नव्हता. तो मिथुन होता. रेतीचा ठेकेदार हेमराज, त्याचा एकुलता एक मुलगा. मोठी गाडी चालवायचं लायसन त्याच्याकडे नव्हतं आणि ते नसल्याने त्याचं कधी काही अडलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात एक माणूस स्वतःहून हजर झाला. म्हणाला, गाडी मी चालवत होतो. हा लालसू, हेमराजचा जुना ड्रायव्हर, जंगलाकडच्या गावातला गोंड माणूस. लायसन पक्कं, घरात खाणारी तोंडं पुष्कळ, आणि मालकाने सांगितलं ते ऐकायची सवय. आमच्याकडे या कामाला सगळे ओळखतात. चालवतो एक आणि हजर होतो दुसरा. पोलिसांनाही हे सोयीचं पडतं, शोधायला जावं लागत नाही.

कमलाबाईने ठाण्यात सांगितलं, मिथुन होता. ठाण्यात लिहून घेतलं, चालक होता. तिने विचारलं तर म्हणाले, चालक म्हणजे चालवणाराच, बाई, सही करा. तिने चंद्रपूरला जाऊन साहेबांना अर्ज दिला. अर्ज तिथून फिरत फिरत त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर आला. मग लॉकडाऊन लागलं आणि कोर्ट बंद. उघडलं तेव्हा तारखा सुरू झाल्या. एका साहेबांची बदली, दुसरे रजेवर, एकदा वकिलांचा संप. मिथुनलाही आरोपी करा असा अर्ज देता येतो, असं कोणीतरी तिला सांगितलं. सरकारी वकील म्हणाले, पाहू पुढच्या तारखेला. पुढच्या तारखेलाही ते पुढची तारीखच पाहत होते.

शेवटी साक्षीचा दिवस आला. सरकारी वकील वाईट माणूस नव्हता, हे कबूल करतो. त्याने कमलाबाईला बाहेर बाकावर बसवलं आणि समजावलं. आरोपीच्या पिंजऱ्यात लालसू आहे, तुम्ही एवढंच म्हणा की हाच होता. बाकीचं मी पाहतो. कोणाला तरी शिक्षा होईल, पोरीला थोडा तरी न्याय मिळेल. खुशालही तेच म्हणत होता. सगळा गाव तेच म्हणत होता. लालसूने तर स्वतःच गुन्हा अंगावर घेतला आहे, मग तुला काय अडचण?

अडचण होती. हे कुटुंब छप्पन सालापासूनचं बौद्ध. खुशालच्या आजाने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. कमलाबाई विहारात दर पौर्णिमेला पंचशील म्हणते. ते सगळेच म्हणतात, त्यात विशेष नाही. कमलाबाईचं विशेष असं की म्हटलेलं तिला खरंच वाटतं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. कोर्टात तिला ईश्वराची शपथ घ्यायला सांगितली तेव्हा ती म्हणाली, ते आमच्यात नाही, मी सत्याची प्रतिज्ञा करीन. आणि केली. आता प्रतिज्ञा करून लगेच पुढच्या वाक्याला खोटं बोलायचं, ही कला आपल्यापैकी बहुतेकांना येते. तिला येत नव्हती.

वकिलाने विचारलं, गाडी चालवणारा इसम आज कोर्टात हजर आहे का? कमलाबाईने लालसूकडे पाहिलं. लालसूने मान खाली घातली होती. मग तिने मागे पाहिलं.

"हाये," ती म्हणाली. "पण पिंजऱ्यातला नाई. थो मांगच्या बाकावर बसून मोबाईल पाहून राह्यला, थो."

मिथुन खरंच बसला होता. मित्रांना घेऊन आला होता, मजा पाहायला. न्यायाधीश म्हणाले, बाई, फक्त आरोपीबद्दल बोला. आरोपीच्या वकिलाला तर दिवाळीच झाली. त्याने उठून एकच प्रश्न विचारला, म्हणजे आरोपी गाडी चालवत नव्हता, हे खरं? कमलाबाई म्हणाली, खरं. तो बसला. सरकारी वकिलाने कपाळाला हात लावला आणि कायद्यात असतो तसा अर्ज केला. कमलाबाईला फितूर साक्षीदार जाहीर करण्यात आलं.

फितूर. पोटच्या पोरीच्या मरणाला सख्खी आई फितूर. हा शब्द मी त्या दिवशी कोर्टात बसून ऐकला आणि अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. लालसू सुटला. सुटायलाच हवा होता, त्याने काही केलंच नव्हतं. पण त्याच्याबरोबर केसही सुटली आणि मिथुन बाकावरून उठून पँट झटकत बाहेर गेला.

यानंतर गावाने कमलाबाईला जे ऐकवलं ते हेमराजलाही कधी ऐकवलं नव्हतं. स्वतःच्या हाताने केस बुडवली. मोठी सत्यवादी लागून गेली. शेजारची रुखमा, जी एरवी हिच्या चुलीवर चहा प्यायची, ती फिरकेना. खुशालने बोलणं सोडलं. जेवायचा, उठायचा आणि ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसायचा. एकदा मी गेलो असता कमलाबाई मला म्हणाली, सगळे म्हणून राह्यले लालसूले धर. लालसूले सजा झाली असती तं मिथुनचं कायमचं सुटलं असतं, हे कोणाच्या डोक्यात काऊन येत नाई? माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

गावच्या तरण्या पोरांचं रक्त मात्र तापलं होतं. त्यांनी ठरवलं, हेमराजचा टिप्पर पेटवायचा. डिझेलचे डबे घेऊन ते कमलाबाईच्या अंगणात आले, जणू आशीर्वाद मागायला. कमलाबाईने त्यांना खाली बसवलं. टिप्पर जाळला तर हेमराजला विमा मिळेल, तो नवा टिप्पर घेईल आणि नव्या टिप्परवर मिथुनच बसेल. तुम्ही मात्र चंद्रपूरच्या जेलात बसाल. मिथुनला गाठून मारू म्हणाल तर मारल्यावर तो बिचारा होईल आणि आपण गुंड होऊ. पोरांनी डबे उचलले आणि ती परत गेली. तिच्याएवढा राग त्यांच्यापैकी एकालाही नव्हता. पण राग कुठे खर्च करायचा याचा विचार तिने केला होता.

त्याच आठवड्यात मिथुन टिप्पर घेऊन गावातून गेला. कमलाबाईच्या घरासमोर त्याने लांबलचक हॉर्न वाजवला. खुशाल ओसरीत होता. कमलाबाई भांडी घासत होती. हात तसेच राखेचे ठेवून ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमी तुमच्या नाक्यावर लाकडाच्या एका ओंडक्यासाठी गाडी अडवत होते," ती म्हणाली. "पोरीसाठी अडवता येत नाई?"

खुशाल उठला. कोयता घेऊन परसात गेला. दुपारपर्यंत त्याने दोन खुंट पुरले, बांबू तासला, दगड बांधला. दगड असा तोलून बांधला की बांबू एका हाताने वर जावा. त्याला जन्मभर तेच काम होतं. मग त्याने घरातली खुर्ची आणून मोहाखाली ठेवली आणि बायकोला म्हणाला, बस. त्या केसनंतर तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

लोक म्हणतात, कायदा हातात घेऊ नये. मी म्हणतो, घेऊ नये, कबूल. पण कायदा हातात घ्यायला तो आधी कुठेतरी हाताला लागायला हवा ना? या बाईने तो ठाण्यात शोधला, चंद्रपुरात शोधला, कोर्टात वर्षानुवर्षं शोधला. सापडला नाही म्हणून घरचा केला.

पहिले काही दिवस ड्रायव्हरांनी शिव्या दिल्या. एकाने बांबू उडवायची भीती घातली. कमलाबाई बांबूच्या पुढे जाऊन उभी राहिली. तेव्हा मागच्या टिप्परमधून लालसू उतरला. तो अजून हेमराजकडेच होता, जाणार कुठे? तो चालत पुढे आला, सगळ्यांसमोर तिच्यापुढे उभा राहिला आणि न सांगता तोंड उघडलं. त्याला पाहून बाकीचे उतरले. त्यानंतर शिव्या कमी झाल्या.

चुकाही झाल्या, लपवत नाही. खोकल्याचं औषध घेतलेला एक सज्जन माणूस तिने अर्धा दिवस मोहाखाली बसवला. खरं कळल्यावर तिने त्याची माफी मागितली, घरी नेऊन जेवू घातलं. गावच्या काही हुशार लोकांना वाटलं, नाका आयता उभा आहे तर गाडीमागे पावती फाडू. कमलाबाईने त्यांना झाडूने हाकललं. मग हळूहळू रुखमा आली, तिच्यामागे आणखी बाया आल्या. धानाची निंदणी आटोपली की पाळीपाळीने बसायला लागल्या. पोलीसही आले. परवानगी आहे का, म्हणाले. कमलाबाईने विचारलं, या रेतीची आहे का? ते चहा पिऊन गेले.

मिथुन बरेच दिवस नाक्यावर आला नाही. गाडी चालवायचं त्याने बहुधा सोडलं, असं आम्हाला वाटायला लागलं होतं. मग एका सकाळी तो आलाच. आमची बस समोरून येऊन थांबली होती, त्यामुळे मी दारातूनच पाहिलं. टिप्पर बांबूला नाक लावून उभा राहिला. आत मिथुन. त्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. कमलाबाई उठली आणि बांबूच्या अलीकडे, आमच्या बाजूला, मधोमध उभी राहिली. इंजिन गुरगुरत होतं. खुशालने बांबू धरून ठेवला होता. मी माझी घंटीची दोरी धरून उभा होतो. 

मिथुनने खिडकीतून तोंड बाहेर काढलं. हसत म्हणाला, "हुंगून घे ना, काकू. आज नाई पेलो."

"तुह्यं तोंड हुंगाचं काम नाई," कमलाबाई म्हणाली. "ते मी पाहून ठेवलं हाये. खाली उतर, गाडी इथीच राहू दे, अन् पायी जा. या रस्त्यानं तू पायीच जाशील."

त्याने गाडी थोडी पुढे घेतली. बांबू वाकला आणि तिच्या पोटाला टेकला. ती हलली नाही. आमच्या बसमधल्या बाया एकेक करून उतरल्या आणि तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. शेतातल्या बाया विळे तिथेच ठेवून आल्या.  मागच्या टिप्परमधल्या लालसूने आपली गाडी आडवी लावली, म्हणजे मिथुनला मागेही जाता येईना. असा तो थोडा वेळ बसला. मग दार उघडलं, उतरला आणि त्या सगळ्या बायांच्या मधून खाली मान घालून हायवेकडे चालायला लागला. लालसूची नोकरी त्याच दिवशी गेली. आता तो गावातल्याच एकाचा ट्रॅक्टर चालवतो.

आणि मग कायदा आला. केवढ्या तडफेने आला म्हणून सांगू! नूतनच्या वेळी ज्यांना चालक कोण हे कळायला वर्षं पुरली नव्हती, त्यांना रस्ता कोणी अडवला हे दुपारच्या आत कळलं. हेमराजची तक्रार, लगेच गुन्हा, लगेच पंचनामा. बांबू जप्त झाला. दगडही जप्त झाला, त्याला लाखेचं सील लागलं. दोन शिपाई तो बांबू जीपमध्ये मावत नाही म्हणून घाम गाळत होते आणि खुशाल त्यांना तो कसा तिरपा घालायचा ते सांगत होता.

केस त्याच तालुक्याच्या कोर्टात उभी राहिली. न्यायाधीश नवे होते. गावाने एक वकील दिला होता. त्याने कमलाबाईला बाहेर त्याच बाकावर बसवून समजावलं. गुन्हा कबूल नाही म्हणा. मग साक्षीदार लागतील, साक्षीदार येणार नाहीत, तारखा पडतील, तुमचं आयुष्य निघून जाईल पण शिक्षा होणार नाही. हे तर अगदी मिथुनसारखंच झालं, कमलाबाई म्हणाली. वकील म्हणाला, हो, अगदी तसंच.

न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

"कबूल हाये, साहेब. गाडी मीच अडवली. माह्या जाग्यावर दुसऱ्याले उभं नाई केलं."

साहेबांनी कागदावरून मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. त्यांना मागचं काही ठाऊक होतं की नाही मला सांगता येत नाही. पण आवाज मऊ होता. म्हणाले, बाई, तुमच्यावर आधी कधी गुन्हा नाही. पुन्हा असं करणार नाही एवढं लिहून द्या, मी समज देऊन सोडतो. आमचा वकील खूश झाला, त्याने पेनही काढलं. खुशालने मला कोपराने ढोसलं, सुटली म्हणून.

कमलाबाईने पेन घेतलं नाही. म्हणाली, पहिले मिथुनकडून लिहून घ्या की तो गाडी चालवणार नाही, त्याच्या खाली मी सही करते. साहेब म्हणाले, तो विषय या कोर्टापुढे नाही.

"मंग माही सहीबी नाई, साहेब. आज लिहून देईन अन् उद्या सकाळी नाक्यावर बसन, तं ते खोटं होते. खोटं बोलाचं असतं तं मी याच पिंजऱ्यात मांगंच बोलली असती. तवा केस जिंकली असती."

 सरकारी वकील तोच होता, जुना. तो खिडकीबाहेर पाहत होता. साहेबांनी काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग शिक्षा सांगितली, कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत तिने तिथेच बसून राहायचं, मग मोकळी. कायद्यात याहून लहान कैद नाही. कमलाबाई आरोपीच्या बाकावर जाऊन बसली, पदर नीट केला आणि दिवसभर इतरांच्या केसेस ऐकत राहिली. मी रजा टाकून मागे बसलो होतो. राग येत होता आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदमच. नूतन त्या रस्त्यावर गेल्यापासून तिच्या नावाने त्या कोर्टात झालेली ही एकुलती एक शिक्षा, आणि ती तिच्या आईने भोगली.

कोर्ट उठलं. आम्ही बाहेर आलो. फाटकाशी हेमराजची जीप उभी होती, आत हेमराज बसला होता आणि तिला टेकून मिथुन उभा होता. खुशाल रस्ता बदलून जाऊ म्हणत होता. कमलाबाई सरळ गेली आणि मिथुनच्या समोर थांबली.

"माही सजा भोगून झाली," ती म्हणाली. "तुही बाकी हाये."

मिथुनने बापाकडे पाहिलं. हेमराजने जीपचं दार उघडलं, पण मिथुन चढला नाही, तसाच उभा राहिला. कमलाबाई आमच्या पुढे चालत बसस्टँडकडे निघाली. शेवटची गाडी लागली होती, आणि तिला सकाळी लवकर उठायचं होतं.